आठवीतली मुलं टोळीकडे ओढली जात असतील तर शाळेने काय करावं?

प्रश्न एका आठवीच्या वर्गशिक्षिकेचा आहे. त्यांच्या वर्गातली तीन-चार मुलं शाळा सुटल्यावर मोठ्या पोरांच्या एका टोळक्यात दिसू लागली आहेत. टोळक्याला नाव आहे आणि त्यातल्या दोघांवर मारामारीच्या केसेस आहेत. शाळेने ठरवलंय की एका पोलीस अधिकाऱ्याचं व्याख्यान ठेवायचं, या मुलांना एकदा तुरुंग दाखवून आणायचा, आणि एवढं करूनही वळली नाहीत तर दाखला हातात द्यायचा. बाई विचारतात, याचा उपयोग होतो का? आणि होत नसेल तर वर्गात नेमकं शिकवायचं काय? आणि फरक किती दिवसांत दिसेल?

बाई, आधी सरळ उत्तर देते. नुसत्या व्याख्यानाने काही बदलत नाही. तुरुंगाच्या फेरीने नुकसान होतं. आणि दाखला हातात दिलात तर टोळीचं निम्मं काम तुम्हीच करून दिलंत. आता का ते सांगते, आणि त्याऐवजी काय करता येतं तेही.

मी वीसेक वर्षं शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते आहे, आणि पहिल्या काही वर्षांत मी स्वतः असं व्याख्यान ठेवलेलं आहे. आलेले अधिकारी चांगले होते, मनापासून बोलले. पडद्यावर त्यांनी जप्त केलेल्या हत्यारांचे फोटो दाखवले, टोळ्यांची नावं सांगितली, कोण किती वर्षं आत आहे ते सांगितलं. पुढच्या बाकांवरची मुलं घाबरली. त्यांना घाबरवायची गरजच नव्हती. मागच्या बाकांवर मात्र डोळे चमकत होते. पुढच्या आठवड्यात एका बाकावर कर्कटकाने कोरलेला सुरा सापडला, पडद्यावर होता तस्साच, मुठीवरच्या खाचांसकट. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता त्याला आम्ही जाहिरात दाखवून बसलो होतो.

तुरुंगाच्या फेरीचं तर संशोधनच झालेलं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यूजर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी हा प्रकार सुरू केला. वाह्यात मुलांना आत न्यायचं, कैद्यांनी त्यांच्या अंगावर ओरडायचं, आतलं जगणं किती भयानक आहे ते रंगवून सांगायचं. कल्पना सगळ्यांना पटली, देशभर पसरली. पुढे अशा कार्यक्रमांच्या नऊ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. या चाचण्यांत काही मुलांना नेलं होतं, काहींना नव्हतं, आणि कुणाला न्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. निष्कर्ष असा निघाला की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले. म्हणजे काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं. कारण समजायला अवघड नाही. चौदा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर ‘घाबरलास ना?’ म्हटलं की तो पुढचे सहा महिने आपण घाबरलो नाही हे सिद्ध करण्यात घालवतो.

यातच एक दुसरी गोची आहे, ती शाळांच्या लक्षात येत नाही. ‘अशी’ मुलं आपण एकत्र काढतो. एकत्र सहलीला, एकत्र समुपदेशनाला, एकत्र ‘सुधार’ वर्गाला. बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ दरम्यान पाचशेहून जास्त मुलांवर एक मोठा प्रयोग झाला होता. निम्म्या मुलांना घरी येणारा समुपदेशक, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं, सगळं दिलं. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या सगळ्यांचा माग काढला तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था जास्त वाईट निघाली. त्यातही शिबिरांना पुन्हापुन्हा गेलेल्यांची. पुढच्या संशोधनातून कारण पुढे आलं. एकत्र बसलेल्या अशा मुलांमध्ये कुणी आगाऊ काही सांगितलं की बाकीचे हसतात. ते हसणं हेच बक्षीस. समोर बसलेला मोठा माणूस काहीही शिकवत असो, तासाभरात मुलं एकमेकांकडून जे शिकायचं ते शिकून उठतात. म्हणून तुमच्या त्या तीन-चार जणांची माझ्याकडे एकत्र तुकडी पाठवलीत तर मी ती परत पाठवीन.

आता टोळीकडे वळू. ‘वाईट संगत’ म्हणून आपण विषय संपवतो, पण पोरगं तिथे का जातं हे कळल्याशिवाय वर्गात काय शिकवायचं ते ठरत नाही. मी ऐकलेली कारणं फार साधी आहेत. शाळेतून घरी जायच्या रस्त्यावर कुणीतरी मारतं, आणि ‘त्यांच्या’ बरोबर असलं की मारत नाही. मोठा भाऊ किंवा चुलतभाऊ आधीच तिथे आहे. घरी संध्याकाळी कुणी नसतं. शाळेत आपल्याला नावाने हाक मारतात ती फक्त ओरडायला. संरक्षणासाठी टोळीत गेलेल्याला उलट जास्त मार बसतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. पण पहिल्या महिन्यात त्याला ते कळत नाही. पहिल्या महिन्यात खरोखरच सुरक्षित वाटतं.

वय बहुतेक वेळा बारा ते पंधरा. आणि दिलासा देणारी गोष्ट ही की बहुतेक मुलं टोळीत फार काळ राहत नाहीत. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये आठशेच्या वर मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा केला होता. त्यांपैकी टोळीत गेलेल्यांतले बहुसंख्य एका वर्षाच्या आत बाहेर पडले होते. ‘एकदा आत गेला की मेल्याशिवाय सुटका नाही’ हे बोलणं टोळीच्या सोयीचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक जण हळूहळू जाणं कमी करतात आणि सुटतात. पण तिथल्याच रोचेस्टर शहरातल्या अशाच पाठपुराव्यात असंही दिसलं की तोच मुलगा टोळीत असतानाच्या काळात, आधीच्या आणि नंतरच्या काळापेक्षा कितीतरी जास्त गुन्हे करतो. म्हणजे ते एक वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षात हातून जे होतं ते आयुष्यभर मागे लागू शकतं. शाळेचं काम एवढंच, की ते वर्ष येऊ न देणं, आणि आलंच तर ते लवकर संपावं म्हणून परतीचा रस्ता मोकळा ठेवणं.

फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट अजून खरी ठरते. टोळी बहुधा खेळणाऱ्या पोरांचा सहज जमलेला घोळका म्हणून सुरू होते, आणि बाहेरच्यांशी झगडा झाला की घट्ट होते. तुमच्या वर्गातले ते चौघे अजून घोळकाच असतील. त्यांना चौघांना मिळून शाळेने शत्रू ठरवलं तर शिक्कामोर्तब शाळेचंच.

मुलं टोळीत ‘भरती’ होतात हा शब्दही मला फसवा वाटतो. कुणी अर्ज भरत नाही. आधी थोडं खायला मिळतं, मग बसायला गाडी, मग ‘जरा ही पिशवी सांभाळ, संध्याकाळी नेतो’. एकदा सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत येईना. चौकटीचा रंग नखाने खरवडत म्हणाला, ‘‘बाई, कुणाकडून काही घेतलं आणि ते परत केलं, तर फिटतं ना?’’ कानात नवे इअरफोन होते. एका मोठ्या पोराने सहज म्हणून दिलेले. दोन महिन्यांनी ‘तुझ्यासाठी एवढं केलं, तू एक काम करत नाहीस?’ सुरू झालं होतं. इंग्लंडमध्ये शहरांतल्या टोळ्या लहान गावांत अमली पदार्थ पोचवायला मुलांना वापरतात, त्याला तिथे ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात. तिथली एक ठरलेली चाल अशी, की मुलाच्या हाती माल द्यायचा, वाटेत आपल्याच माणसांकडून त्याला लुटायचं, आणि मग हरवलेल्या मालाचं देणं त्याच्या डोक्यावर चढवायचं. देणं फिटेपर्यंत काम करायचं, आणि ते फिटू द्यायचं नाही. म्हणून माझ्या पाठांमध्ये ‘टोळी’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी ‘भेट आणि उधारी’ हा तास येतो. कुणी फुकट दिलेल्या वस्तूची किंमत केव्हा मागितली जाते, कशी मागितली जाते, आणि मागितली तर कुणाला सांगायचं. मुलं या तासाला फार बोलतात. त्या मुलाला मी काय उत्तर दिलं? ‘‘नाही फिटत, म्हणून ते तुझं एकट्याचं देणं राहू द्यायचं नाही.’’ त्याच संध्याकाळी त्याच्या आईला बोलावलं, त्याच्यासमोर.

वर्गात शिकवून टोळीपासून मुलं लांब राहतात का, याचा सगळ्यात मोठा पडताळा अमेरिकेतल्या ‘ग्रेट’ या कार्यक्रमाचा आहे. पूर्ण नाव गँग रेझिस्टन्स एज्युकेशन अँड ट्रेनिंग. १९९१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत येऊन पाठ घ्यायचे. लोकप्रिय झाला, खर्च झाला, आणि १९९५ पासून जी मोठी पाहणी झाली तिच्यात असं दिसलं की मुलांची मतं थोडी सुधारली, पण टोळीत जाणं कमी झालं नाही. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी अहवाल कपाटात जातो. इथे त्यांनी अभ्यासक्रम मोडून नव्याने बांधला. माहिती सांगणं कमी केलं आणि कौशल्यांचा सराव वाढवला. राग आवरणं, भांडण सोडवणं, नकार देणं, मदत मागणं. तेरा पाठ केले, आणि वर्गशिक्षकांना सामील करून घेतलं. २००६ पासून फिन-ऑगे एस्बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सात शहरांतल्या ३१ शाळांमध्ये पुन्हा तपासणी केली. या वेळी पाठ मिळालेल्या वर्गांमधली मुलं वर्षभरानंतर टोळीत असण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी निघाली, आणि चार वर्षांचा हिशोब धरला तर २४ टक्क्यांनी.

हे आकडे मी मुख्याध्यापकांना नेहमी दाखवते, पण पुढची ओळ लपवत नाही. त्याच तपासणीत मुलांच्या मारामाऱ्या आणि इतर गुन्हे मात्र ठळकपणे कमी झाले नव्हते. तेरा पाठांत सगळं होत नाही. पण गणवेश तोच, संस्था तीच, विषयही तोच असताना, ‘सांगणं’ सोडून ‘करून घेणं’ धरल्यावर पारडं फिरलं, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं. तेव्हा तुमच्या शाळेत पोलीस अधिकारी येणारच असतील तर येऊ देत. मात्र एकदाच येऊन भाषण करायला नको. पुन्हापुन्हा यावं, शिकवायचं प्रशिक्षण घेऊन यावं, आणि कुणाची नावं काढून घ्यायला तर मुळीच येऊ नये. ज्या दिवशी मुलांना वाटेल की या तासाला बोललेलं ठाण्यात पोचतं, त्या दिवशी तो तास संपला.

करून घेणं म्हणजे काय, ते एका तासापुरतं दाखवते.

‘नाही म्हणायला शिका’ हे फळ्यावर लिहिणं सोपं आहे. पण मोठ्या पोराला तोंडावर ‘नाही, हे चूक आहे’ म्हणणारा आठवीतला मुलगा मार खातो, आणि हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून ते वाक्य शिकवणाऱ्या बाईंवरचा विश्वास तिथेच उडतो. मी वर्गालाच विचारते, मान न घालवता आणि मार न खाता कसं निसटायचं? मग यादी निघते, आणि ती माझ्या डोक्यातून कधीच निघाली नसती. ‘आईचा तिसरा फोन आलाय, आता नाही गेलो तर ती इथेच येईल.’ ‘मागच्या वेळचं घरी कळलंय, माझ्यावर नजर आहे, मी आलो तर तुम्हीपण अडकाल.’ हे दुसरं मला फार आवडतं. त्यात नकार आहे, पण समोरच्याची काळजी केल्यासारखा. एका मुलीने सांगितलं, ‘‘बाई, मी खोकायला लागते.’’ वर्ग हसला, पण तिचं उत्तर यादीत गेलं.

मग दोघादोघांना उभं करायचं. एक विचारणारा, एक निसटणारा. पहिल्या फेरीत सगळे वाक्य बरोबर बोलतात आणि उभे मात्र तिथेच राहतात. तेव्हा थांबवून सांगायचं, ‘‘बोलणं सुरू करायच्या आधी पाऊल उचल.’’ चालता चालता बोललेलं वाक्य आणि उभं राहून बोललेलं वाक्य यांत फार फरक असतो. दुसऱ्या फेरीत विचारणाऱ्याला सांगायचं की सोडू नको, चिडव, ‘घाबरट’ म्हण. तिसऱ्या फेरीत विचारणारे तीन. चौथ्या-पाचव्या वेळेला आवाजातला कंप जातो. हे नाटक नव्हे, कवायत आहे, आणि कवायत एकदा करून येत नाही. दोन आठवड्यांनी परत, सत्र संपायच्या आधी परत. एक धोक्याची सूचना देते. जो मुलगा प्रत्यक्षात त्या टोळक्यात बसतो त्याला ‘विचारणाऱ्या’ची भूमिका देऊ नका. तो ती फार छान करतो.

दुसरा खेळ शिकागोचा आहे. ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमात शाळेच्या वेळेतच, आठवड्यातून एकदा, मुलांच्या लहान गटाबरोबर बसतात. पहिल्या दिवसांतला खेळ असा. जोड्या करायच्या, एकाच्या हातात चेंडू, दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो मिळव. हातापायी होते, बोटं पिरगळली जातात, कुणी जमिनीवर लोळतं. वेळ संपल्यावर विचारायचं, ‘तुम्ही मागितला का नाहीत?’ उत्तर येतं की मागितलं तर तो मला पुळचट समजला असता, दिलाच नसता. मग चेंडूवाल्याला विचारायचं, त्याने मागितला असता तर? तो बहुधा खांदे उडवतो, दिला असता, चेंडूच तर आहे. मी हा खेळ पहिल्यांदा केला तेव्हा एका मुलाचा शर्ट फाटला आणि मला मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं. आता आधी बाक सरकवून घेते. पण खेळानंतरची शांतता दरवेळी तशीच पडते. समोरचा काय करणार हे आपण आधीच ठरवून टाकतो आणि त्यावर हात उचलतो, हे सांगायला मला दुसरा इतका चांगला मार्ग सापडलेला नाही.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी या कार्यक्रमाच्या दोन चाचण्या घेतल्या. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पहिल्या चाचणीत मात्र कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा हा परिणाम टिकला नाही. मला यात निराश होण्यासारखं वाटत नाही. चष्मा काढल्यावर दिसत नाही म्हणून कुणी चष्म्याला नावं ठेवत नाही. अर्थ एवढाच, की एका वर्षाचा ‘उपक्रम’ करून फोटो काढून मोकळं होता येणार नाही.

तुम्ही आठवीबद्दल विचारलंत, पण खरं तर काम पहिलीत सुरू होतं. माँट्रियलमध्ये १९८० च्या दशकात गरीब वस्त्यांमधल्या, बालवाडीतच दांडगाई करणाऱ्या मुलांना सात ते नऊ या वयात शाळेत सवंगड्यांबरोबर वागायचं शिकवलं, आणि त्याच वेळी आईवडिलांना घरी जाऊन मार्गदर्शन केलं. पंधराव्या वर्षी ही मुलं टोळीत आणि चोऱ्यांमध्ये तुलनेने कमी सापडली. एक महत्त्वाची गोष्ट, तिथे दांडगाई करणाऱ्यांबरोबर शांत मुलंही गटात बसवली होती. बाल्टिमोरमध्ये १९८५ पासून पहिली-दुसरीच्या वर्गात एक साधा खेळ खेळवला. वर्गाचे संघ पाडायचे, नियम मोडला की संघाच्या नावावर खूण, खुणा ठरल्यापेक्षा कमी राहिल्या तर संघ जिंकला. सगळे संघ जिंकू शकतात. वीस वर्षांचे झाल्यावर यातल्या मुळात आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनं आणि समाजविघातक वागणं कमी दिसलं. पहिलीच्या बाईंना आपण टोळ्या रोखतोय असं कुणी कधी सांगत नाही. वाचन तेवढंच महत्त्वाचं. सहावीत ज्याला धड वाचता येत नाही त्याला रोज सहा तास आपलं अडाणीपण झाकत बसावं लागतं, आणि दंगा हा झाकायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. माझ्याकडे ‘टोळीच्या नादी लागलाय’ म्हणून पाठवलेल्या मुलांना मी पहिल्याच भेटीत काहीतरी मोठ्याने वाचायला देते. किती जण अडखळतात ते बघून वाईट वाटतं.

आता दाखल्याचं. टेक्सास राज्यात सातवीतल्या जवळपास दहा लाख मुलांची नोंद बारावीपर्यंत तपासली गेली, अहवाल २०११ चा. जवळपास ६० टक्के मुलांना कधी ना कधी वर्गाबाहेर किंवा शाळेबाहेर काढलं होतं, आणि त्यातली बहुतेक कारवाई कायद्याने सक्तीची नव्हती, शाळेच्या मर्जीची होती. अशी मर्जीची कारवाई झालेलं मूल पुढच्या वर्षी बालन्याय यंत्रणेपर्यंत पोचण्याची शक्यता, तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या मुलाच्या जवळपास तिप्पट निघाली. आठ दिवस घरी बसवलेलं पोरगं घरी बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि शाळा बुडवली म्हणून शाळेतून आठ दिवस काढायचं, ही शिक्षा ज्याने शोधून काढली त्याच्याशी मला एकदा बोलायचंय.

शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही. दुसऱ्याला मारलं तर त्याची भरपाई करावी लागते, आणि मार खाल्लेल्या मुलालाही शाळेने दिलेला न्याय दिसला पाहिजे. पण शिक्षा शाळेच्या आत व्हावी. आणि बाहेर काढायची वेळ आलीच तर परत येण्याची तारीख, त्या दिवशी दारात कोण भेटणार, आणि बुडालेला अभ्यास कोण भरून देणार, हे तिघांच्या सह्यांनी कागदावर यावं. परत आलेल्या मुलाला वर्गात शिरताना ‘आले साहेब’ असं ऐकावं लागलं की तो संध्याकाळी कुठे असेल ते मी सांगू शकते.

मुलींचं थोडक्यात, पण विसरू नका. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अकरा शहरांतल्या आठवीच्या जवळपास सहा हजार मुलांच्या पाहणीत स्वतःला टोळीत म्हणवणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुली होत्या. शाळा फक्त मुलग्यांकडे बघत असतात. मुलींचा वापर वस्तू लपवायला होतो, निरोप पोचवायला होतो, आणि त्यांचं शोषणही होतं. तुमच्या त्या टोळक्याभोवती कोणत्या मुली दिसतात तेही बघा.

तुमच्या त्या तीन-चार मुलांसाठी येत्या आठवड्यात काय करायचं? चौघांना चार वेगळी माणसं जोडून द्या. समुपदेशकच हवा असं नाही, खेळाचे सर, ग्रंथपाल, शिपाईकाकासुद्धा चालतील. मुलाचं ज्याच्याशी आधीच थोडं जमतं तो माणूस निवडा. पहिल्या भेटीत टोळीचा विषय काढू नका. ‘‘शाळेतून घरी कोणत्या रस्त्याने जातोस?’’ एवढंच विचारा. रस्ता बदलला असेल तर का बदलला, कुणाला टाळतोय, कुणाच्या सोबतीने जातोय, सगळं त्या एका प्रश्नात येतं. मार चुकवायला तो त्यांच्यात जात असेल तर आधी तो मार थांबवा, उपदेश मागाहून. घरी निरोप पाठवताना ‘तुमचा मुलगा वाईट संगतीत आहे’ असा पाठवू नका. आईबाप एकतर त्याला बडवतात नाहीतर तुमच्याशी भांडतात. ‘‘दुपारनंतर तो कुठे असतो ते आपण दोघांनी मिळून बघूया का?’’ याला बहुतेक आया हो म्हणतात.

आणि बोलायला बसायच्या आधीच मुलाला सांगा, की तू सांगशील ते माझ्याकडे राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, हत्यार असेल, कुणी तुला शरीराने त्रास देत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल. आधी न सांगता नंतर पुढे नेलंत तर तो पुन्हा कुणाशीच बोलणार नाही. अशी वेळ आली तर ते एकटीच्या अंगावर घेऊ नका. बालसंरक्षणाची जी अधिकृत व्यवस्था असेल तिच्याकडे लेखी जा, मुख्याध्यापकांच्या सहीने.

तुम्ही शेवटी विचारलंय की फरक किती दिवसांत दिसेल. टोळक्यात दिसणं लगेच थांबणार नाही, त्यावरून मोजू नका. हजेरीपट काढा आणि मधल्या सुट्टीनंतरच्या तासांना या चौघांची गैरहजेरी किती आहे ते आजच्या तारखेला लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी परत मोजा. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी हलतो तो हा आकडा. आणि कधीकधी एखादा मुलगा काही कारण नसताना सुट्टीत तुमच्या टेबलाजवळ घुटमळायला लागतो, खडू उचलून ठेवतो, डस्टर झटकतो. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.